पोह्यांना वाफ येण्याआधी

भोपाळचा बडा तालाब हा तलाव आहे की समुद्र, यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये. मी मालवणचा. कारखान्यातल्या नोकरीने इथे आणून टाकलं, निवृत्त झालो, कोटरा सुल्तानाबादेत घर बांधलं आणि परत जायचं राहूनच गेलं. सकाळच्या धुक्यात रेतघाटावर उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसत नाही, आणि मला तेवढं पुरतं.

पळायला लागलो तो निवृत्तीनंतर. सुरुवातीला राजा भोजाच्या पुतळ्यापर्यंत जाईतो जीव मेटाकुटीला यायचा. हळूहळू पार खानूगावच्या वळणाला हात लावून परत येऊ लागलो. चिन्मयने, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, मनगटावर बांधायला एक शहाणं घड्याळ दिलं होतं. ते ऊठसूट टुंगटुंग करून माझ्या हृदयाची चौकशी करायचं, म्हणून त्याला कपाटात कोंडलं. माझं घड्याळ म्हणजे रेतघाटाजवळचा पोहेवाला. आधी मी परतायचो तेव्हा त्याची परात रिकामी झालेली असायची. पुढे पुढे ती भरलेली सापडू लागली. मग एका सकाळी पोहे अजून वाफेवरच होते आणि तो म्हणाला, "अंकल, आज तो आप जल्दी आ गये, रुकना पड़ेगा." त्या दिवशी मी शीळ घालत घरी गेलो.

मागच्या हिवाळ्यात छातीत दुखलं आणि स्टेंट बसवावा लागला. डॉक्टरांनी पुढे पळायची परवानगी दिली, पण आमच्या लीलाबाईंनी, म्हणजे बायकोने, नाही. शेवटी एका अटीवर सुटका झाली, एकट्याने जायचं नाही. सून म्हणाली, "मी जाते बाबांबरोबर." मृणाल शाळा-कॉलेजात पळायची म्हणे. मी मनात म्हटलं, चला, बरं झालं.

कसलं बरं? ही पोरगी कायम माझ्या मागे. पहिल्याच आठवड्यात कळलं की हिला काही झेपत नाही. मागून पावलं ऐकू यायची, ती कधी जवळ म्हणून यायची नाहीत. आता सुनेला 'जरा जोरात पळ' असं सासऱ्याने कसं सांगायचं? घरी वाईट दिसतं. मी आपला वेग थोडा कमी केला. तर ती आणखी हळू. मी अजून कमी केला. बिचारीच्या अंगात रक्त नसेल, म्हणून तिच्यासमोर खजुराचा डबा सरकवायला लागलो. पोहेवाल्याची परात पुन्हा रिकामी सापडू लागली, पण मी चकार शब्द काढला नाही.

आणि त्याच सुमारास घरात काहीतरी शिजायला लागलं. लीला एका सकाळी म्हणाली, "अहो, तो इन्व्हर्टर मला जरा दाखवा ना. पाणी कसं घालायचं त्यात?" आजवर त्या इन्व्हर्टरकडे या बाईने ढुंकून पाहिलं नव्हतं. मी दाखवलं. दुसऱ्या दिवशी विचारते, लॉकरची किल्ली कोणती? मग विमावाल्याचा फोन नंबर. चिन्मय मला 'बाबा, बसा, मी आणतो' म्हणायला लागला. हा मुलगा स्वतःचा चहाचा कप कधी उचलत नाही.

आता मी काही दुधखुळा नाही. गेल्या तपासणीला डॉक्टर चिन्मयशी बाजूला जाऊन बोलले होते, ते मला आठवलं. ह्यांना काहीतरी ठाऊक आहे आणि माझ्यापासून लपवताहेत. खरं सांगतो, मी घाबरलो. मरायला हरकत नाही असं आपण पारावर बसून बोलतो, पण बायको इन्व्हर्टर शिकायला लागली की कळतं.

चार-पाच दिवस कुढत काढले. मग एका सकाळी पळता पळता पुतळ्यापाशीच थांबलो आणि कठड्याला टेकलो. मृणाल धावत आली. तिचा चेहरा पांढराफटक.

"बाबा, काय होतंय? छातीत दुखतंय?"

"छातीत काही दुखत नाहीये. डॉक्टर चिन्मयला काय म्हणाले, ते सांग. किती दिवस उरलेत माझे?"

"डॉक्टर? ते तर पार्किंगमधली आपली गाडी काढायला सांगत होते. रिपोर्ट छान आहेत तुमचे."

"मग तुझी सासू किल्ल्या कशाला मागते?"

तिने मान खाली घातली. "मीच त्यांना सांगितलं. म्हटलं, बाबांचा वेग रोज कमी होतोय. आता तर चालल्यासारखंच पळतात. आई खूप घाबरल्या. तुम्हाला कळू द्यायचं नाही असं ठरलं."

"अगं बाई! मी हळू पळतो ते तुझ्यासाठी! तुला झेपत नाही म्हणून!"

"मला?" ती म्हणाली. "मी तर तुम्ही हळू पळता म्हणून हळू पळते."

"मग पुढे का नाही गेलीस?"

"सासऱ्यांच्या पुढे कशी जाऊ, बाबा? बरं दिसतं का ते?"

मी कठड्यावर डोकं टेकवून हसत सुटलो. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं. मृणालही हसत होती आणि ओढणीने डोळे पुसत होती. सकाळी फिरायला आलेले लोक आमच्याकडे बघत पुढे जात होते.

"खजूर मला मुळीच आवडत नाहीत," ती मध्येच म्हणाली.

"उद्यापासून बंद. आता पळ. वळणाला हात लावून पोहेवाल्यापर्यंत. आणि मागे राहिलीस तर घरी सांगेन."

ती सुटली ती सुटलीच. वळणावरून उलट येताना मला भेटली, तेव्हा हात हलवायलाही थांबली नाही. मी तिच्या मागे, पण कितीतरी दिवसांनी छाती भरून, मोकळा पळालो. माझ्या मागे कुणी नव्हतं आणि कुणाला सांभाळायचं नव्हतं. पोहोचलो तेव्हा मृणाल बाकावर बसून होती आणि पोहे वाफेवर होते.

"रुकना पड़ेगा, अंकल," पोहेवाला म्हणाला.

"रुकेंगे," मी म्हटलं. "हमको कहाँ जाना है."

घरी आलो तर मृणाल माझ्या आधी स्वयंपाकघरात शिरली. आतून तिचा आवाज येत होता, ती सासूला सगळा घोळ सांगत होती. मग लीला बाहेर आली. डोळे लाल. हातात इन्व्हर्टरच्या पाण्याचा कॅन. तिने तो माझ्यापुढे धरला.

"हे घ्या," ती म्हणाली. "मला नाही जमत. तुमचं तुम्ही घालत जा."

तिला उत्तम जमत होतं, मीच शिकवलं होतं. मी बूट न काढताच पाणी घालायला बसलो.