दोन पौंडांचा मासा

आमच्या तलावाला लोक कंजूष म्हणतात आणि खोटं नाही म्हणत. टेनेसीच्या या डोंगरांत इतकं खोल, इतकं स्वच्छ आणि इतकं चिक्कू पाणी दुसरं नाही. होडीतून चमचा पडला तर तळाशी पोचेपर्यंत दिसत राहतो. पण तुम्हाला चमचा दिसतो तसे माशाला तुम्ही दिसता ना! वर धरणवाले आज पाणी चढवतात, उद्या उतरवतात. बाहेरगावचे शहाणे चकचकीत होड्या घेऊन येतात आणि संध्याकाळी तोंड पाडून परत जातात. मी स्वतः एकदा अख्खा दिवस गळ टाकून बसले होते. शेवटी एक बास मासा वर आला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "व्हर्नेल, घरी जा, तुझा मक्याचा पाव करपतोय." आणि करपला होता हो! काळाठिक्कर.

ही पावाची गोष्ट मी एस्टलच्या दुकानात सांगितली. एस्टलकडे गांडुळं मिळतात, गळ मिळतात, बर्फ मिळतो, आणि शेगडीजवळ एक बाक आहे त्यावर थापा मिळतात. माशाबद्दल खरं बोलणारा माणूस त्या बाकावर बसतच नाही. त्यातही माझ्यासारखी लोणकढी कुणाला जमायची नाही. माझा हॉलिस शेजारी बसायचा. तो उभ्या जन्मात कधी थाप मारायचा नाही. फार बोलायचाच नाही. पण माझी गोष्ट ऐन टोकाला पोचली, मासा हवेत आणि सगळ्यांचे जबडे खाली, की हा हनुवटी खाजवून विचारायचा, "व्हर्नेल, तेव्हा जाळं कुणाच्या हातात होतं गं?"

"तुझ्या! दुसऱ्या कुणाच्या?"

"मग झालं असेल बुवा. मला आठवत नाही, एवढंच."

की सगळं दुकान मांड्यांवर थापा मारत हसायचं. लग्न झाल्यापासून हेच चाललेलं. मी पुढे पुढे पळायचं आणि यानं मागून पदर ओढायचा.

आता त्या घरट्याचं सांगते. आमचा लाकडी धक्का आहे ना, त्याच्या कडेला, कमरेएवढ्या पाण्यात, हॉलिसनं एक जागा केली होती. ओढ्यातली बारीक खडी बादल्या भरभरून आणून टाकलेली. मार्च आला की दाताळ्यानं तिच्यावरचा गाळ काढायचा. मग डॉगवुडला पांढरी फुलं आली, की एक नर बास तिथं येऊन बसायचा. शेपटीनं झाडून झाडून खडी चकचकीत करायचा. मादी येते, अंडी घालते, आणि जाते निघून आपल्या कामाला. मागे राहतो तो बाप. तो खात नाही, झोपत नाही, तिथंच गोल गोल फिरत पहारा देतो. अंड्यांवर सगळ्यांचा डोळा. तळहाताएवढे चपटे ब्लूगिल मासे तर टपूनच असतात. मग एक दिवस पिल्लं वर येतात, पाण्यात शाई सांडावी तसा काळा ढग, आणि बाप त्या ढगाखालून चालतो.

त्या दिवसांत हॉलिस धक्क्याच्या आसपास गळ टाकायचा नाही, दुसऱ्यालाही टाकू द्यायचा नाही. म्हणायचा, "बाप कामावर आहे. त्याला त्रास द्यायचा नाही."

या वर्षी मार्चमध्ये दाताळं मी चालवलं. हॉलिसची फुप्फुसं संपली होती. लाकडाच्या गिरणीत जन्म गेला, सगळा भुसा छातीत. दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, इथं राहा, आराम पडेल. हा म्हणाला, घरी. ती म्हणाली, घरी किती दिवस काढणार? हा म्हणाला, "डॉगवुड फुललंय. पिल्लं वर येईपर्यंत काढतो."

मुलीनं, ट्वायलानं, पलंग खिडकीशी लावून दिला. पण खिडकीतून बघायला डोळे कुठे उरले होते त्याचे? म्हणून मी धक्क्यावर जायची, बघायची आणि येऊन सांगायची.

"आहे का?"

"आहे तर! आज एस्टलच्या डुकराएवढा दिसतोय. शेपटी हलवली तर धक्का करकरला."

"काल तर चर्चच्या बाकाएवढा होता."

"उपास चाललाय ना त्याचा. उतरणारच थोडा."

तो हसायचा, मग खोकायचा, मग मी पाणी द्यायची. रोज घरी येणारी नर्स म्हणायची, मिस व्हर्नेल, त्यांना हसवू नका. मी म्हणायची, बाई गं, मग मी इथं करू काय?

शनिवारी तलावावर मासे धरायची स्पर्धा होती, ज्याच्या पाच माशांचं वजन जास्त तो जिंकला. औषध घेऊन हॉलिसचा डोळा लागला होता आणि मी ओसरीवर घेवडा निवडत बसले होते. तेवढ्यात एक होडी किनाऱ्या-किनाऱ्यानं आली. जत्रेतल्या पाळण्यासारखी लाल, चमचमणारी. त्यात एक पोरगेला माणूस, पुढं उभा, काळा चष्मा लावून पाण्यात बघतोय. आमच्या धक्क्याशी आला आणि थबकला. खडीवर काळी पाठ दिसली असणार.

मी टोपली टाकून धावले. "ए! तिथं टाकू नकोस!"

त्यानं टोपी काढली. आईनं वळण लावलेलं असणार. "मॉर्निंग, मॅम. पाणी तर सगळ्यांचं आहे ना?"

आता इथं सरळ काय ते सांगावं की नाही? पण माझ्या जिभेला सरळ रस्ता माहीतच नाही. "तो मासा बाप्तिस्मा झालेला आहे!" मी ओरडले. "पाद्रीबाबांनी स्वतःच्या हातानं बुडवलाय. त्याला धरशील तर सात वर्षं तुझ्या गळाला बेडूकसुद्धा लागायचा नाही!"

तो खो खो हसायला लागला. "तुम्ही मिस व्हर्नेल ना? काल दुकानात तुमचीच गोष्ट चालली होती. करपलेल्या पावाची!" आणि बोलता बोलता त्यानं गळाला लावलेली रबरी पाल फेकली. टप्प करून बरोबर खडीच्या मधोमध.

मग माझी जीभ सरळ रस्त्याला लागली. "पोरा, ऐक. खरं सांगते. आत माझा नवरा मरायला टेकलाय. या माशासाठी थांबलाय तो. पिल्लं वर येऊ देत, एवढंच म्हणतोय. हात जोडते तुला."

त्यानं मांडीवर थाप मारली. "बाप रे! ही तर पावापेक्षा भारी आहे, मॅम! ही मी वजनकाट्यावर सगळ्यांना सांगणार."

तुम्हाला सांगते, घरट्यावरचा बास ती पाल खायला धरत नाही. अंड्यांपासून लांब नेऊन टाकायला धरतो. तसंच झालं. पाल हलली, बाप पुढे आला, तिला अलगद तोंडात उचललं आणि बाहेर निघाला. काठी वाकली.

"पाचवा!" पोरगा किंचाळला. आमच्या तलावात एका दिवसात पाच मासे म्हणजे तुम्ही समजून जा. त्यानं तो पट्टीला लावून मोजला, होडीतल्या पाण्याच्या टाकीत सोडला आणि म्हणाला, "काळजी करू नका, मॅम. दोन पौंडांचा आहे जेमतेम. संध्याकाळी वजन झालं की जिवंत सोडतो."

"कुठे?"

"वजन करतात तिथंच. धरणाच्या भिंतीपाशी."

धरणाची भिंत कुठे आणि आमचा धक्का कुठे! तलावाचं ते पार दुसरं टोक. होडी भुर्रकन गेली. तिच्या लाटा काठाला लागून निवल्या तेव्हा खाली बघितलं, तर ब्लूगिल आलेच होते. एक आला, मग तीन, मग मोजवेनात.

मी ओसरीवरची केरसुणी घेतली आणि तशीच पाण्यात उतरले. चपला नाहीत, स्कर्ट वर खोचलेला नाही. एप्रिलचं पाणी ते, हाडं वाजतात. एका हातानं धक्क्याचा खांब धरला आणि दुसऱ्या हातानं केरसुणी मारत सुटले. हट! निघा! चोरट्यांनो! इकडून हाकलावे तर तिकडून येत. एवढीशी तोंडं, पण किती भराभर चालतात! तो बास हे सगळं शेपटीच्या एका फटक्यात करायचा. कुणी रस्त्यावरून बघितलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारी अखेर चळली, तलाव झाडतेय. माझ्या पायांची संवेदना गेली, तरी मी हलले नाही. मनात म्हणत होते, तो येईपर्यंत तरी. कोण येईपर्यंत, ते मला माहीत नव्हतं.

मग खिडकीतून हाक आली. "व्हर्नेल?"

आता त्याच्या हाकेला जीव नव्हता, पण मला ती समुद्रापलीकडूनही ऐकू आली असती. गेले. त्याला उठवून बसवलं, श्वास लागला होता तो जरा बसेपर्यंत पाठ चोळली. पुन्हा झोपला तेव्हा धक्क्यावर आले.

खडी स्वच्छ होती. ताट चाटून पुसून ठेवावं तशी.

उन्हं उतरली तेव्हा ती लाल होडी परत आली. या वेळी हळू. लांबच इंजिन बंद केलं त्यानं आणि वल्ह्यानं आला, टोपी छातीशी धरून.

"मी ती गोष्ट वजनकाट्यावर सांगितली, मॅम," तो म्हणाला. "कुणी हसलंच नाही. एस्टल म्हणाले, अरे गाढवा, ही तिची खरी होती."

मी धक्क्यावर सरकून त्याला जागा केली.

"त्याचं वजन नाही केलं मी. चारच दिले. स्पर्धा गेली, जाऊ दे." त्यानं टाकीत दोन्ही हात घातले आणि तान्हं मूल आंघोळीहून आणतात तसा मासा उचलून आणला. धक्क्यावर पालथं पडून खडीशेजारी सोडला.

बाप घरट्यावर आला. एक चक्कर मारली. शेपटीनं खडी जरा झाडली, पुन्हा जरा झाडली. मग नुसताच उभा राहिला. किती वेळ उभा राहिला कोण जाणे. मग वळला आणि धक्क्याच्या खांबांमधून हिरव्या खोल पाण्यात गेला, घाई न करता.

"येईल तो परत," पोरगा म्हणाला.

"येईल की," मी म्हणाले.

थापा दोघांनाही येत होत्या. त्यानं विचारलं, आत येऊन त्यांची माफी मागू का? मी म्हटलं, नको, त्याला काही कळलेलं नाही, ते तसंच राहू दे. नाव विचारलं, तर ब्रँटली म्हणाला. मक्याच्या पावाचा एक तुकडा कागदात बांधून दिला. करपलेला नव्हता.

हॉलिस दोन दिवसांनी गेला, सकाळी, नर्स खिडकी उघडत असताना. ते काही मी सांगत बसत नाही. मला ही शनिवारची संध्याकाळ सांगायचीय.

मी आत आले तेव्हा तो जागा होता. खिडकीतून तांबूस ऊन त्याच्या पांघरुणावर आलं होतं.

"आहे का?"

"आहे," मी म्हणाले. "बसलाय आपला घरट्यावर. दोन पौंडांचा असेल."

मी त्याची उशी सारखी केली, नव्हती करायची तरी. त्याचा हात माझ्या स्कर्टला लागला. काठ अजून ओला होता. त्यानं तो बोटांत धरून ठेवला.

"गेला ना तो?"

"कोण म्हणालं? आत्ता बघून आले मी."

"व्हर्नेल," तो म्हणाला. एका श्वासात त्याचे दोन-चारच शब्द मावायचे तेव्हा. "लग्न झाल्यापासून... तू दोन पौंडांचा मासा... कधी सांगितला नाहीस."

मला काय बोलावं सुचेना. मला! दुकानातल्या बाकानं ऐकलं असतं तर त्याचा विश्वास बसला नसता.

"अंडी?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

तो खिडकीकडे बघत राहिला. दिसत काहीच नव्हतं त्याला, तरी बघत राहिला. त्याच्या डोळ्यांतून एक धार कानाकडे गेली. मी ती पुसली नाही. तो म्हणाला, "बरं. आता नीट सांग."

मग मी खुर्ची ओढली आणि नीट सांगायला लागले.

"अरे, तो गेला म्हणजे काय पळून गेला होय? तो वैतागला. म्हणाला, हे पाणी महाकंजूष, इथं माझ्या पोरांनी खायचं काय? त्यानं आ केला आणि अख्खं घरटं तोंडात उचललं, खडीसकट, तुझ्या सगळ्या बादल्यांसकट. आणि निघाला. मी म्हटलं, थांब मेल्या, ती खडी माझ्या नवऱ्याची आहे! दोरीचा फास टाकला त्याच्या शेपटीवर. पण दोरी बांधलेली धक्क्याला! झालं, धक्का निघाला. धक्क्यामागून घर निघालं. तू पलंगावर, मी दारात, घेवड्याची टोपली हातात."

त्याच्या ओठांचा कोपरा हलला. मी खुर्ची आणखी जवळ घेतली.

"पहिल्या वळणाला नर्सबाई आपली गाडी घेऊन काठानं पळतेय, ओरडतेय, मिस व्हर्नेल, त्यांना हलवू नका! एस्टलच्या दुकानासमोरून गेलो तर सगळे बाहेर येऊन उभे, डोक्यावरच्या टोप्या काढून. तू खिडकीतून हात केलास. आणि मागे बघितलं, हॉलिस, तर पिल्लं! काळा ढग, या काठापासून त्या काठापर्यंत. पाणी दिसेना. सगळी आपल्या मागे येतायत, एक गळालं नाही, एक कुणी खाल्लं नाही. धरणवाले दरवाजे उघडायला धावले, पण तो काय दरवाज्याला थांबतोय? भिंत आली तशी त्यानं शेपटी आपटली आणि घेतली उडी. वर! मासा वर, धक्का वर, घर वर, तू, मी, खाली सबंध टेनेसी..."

इथं मी थांबले.

याच जागी थांबायचं असतं. मासा हवेत असताना. मी वाट बघितली. स्वयंपाकघरात फ्रिज घुरघुरत होता. हॉलिसचा श्वास आखूड आखूड येत होता, डोळे मिटलेले, माझ्या स्कर्टचा ओला काठ अजून बोटांत. मी आणखी थोडी थांबले. त्याची हनुवटी हलते का बघितलं.

मासा कधीचा हवेतच होता. त्याला किती वेळ धरून ठेवणार?

"जाळं तुझ्याच हातात होतं," मी म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या?"