पडद्यामागचा हात

"घ्या शेठ, बघा कसा झालाय!" आदेशनं वरचा कागद ओढला आणि फ्रेम धरमचंदांच्या मांडीवर ठेवली.

फोटो चकाचक होता. स्टुलावर अंगडं-टोपडं घातलेलं पोर, गालांवर गुलाबी रंग, मागं निळं आभाळ. धरमचंदांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हात कुठाय?"

"त्यो व्हय? काढून टाकला की. मंचरला कॉम्प्युटरवर साफ करून घेतला. कुनाचा तरी हात मधी आला व्हता, लई इचित्र दिसायचा."

धरमचंदांचं मंचरला भांड्यांचं दुकान. बायको, कस्तुरबाई, गेली तेव्हा हार घालायला त्यांनी तिचा फोटो शोधला, तर एकूण एक फोटोत पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. दिसत होते ते फक्त हात. तेव्हापासून त्यांना नाद लागला. ज्यात हात नजरेत भरतात असे जुने फोटो हुडकायचे, नवं पातेलं देऊन ते घ्यायचे. बाजारात चेष्टा व्हायची. पुण्यातला मुलगा संयम फोनवर म्हणायचा, "पप्पा, माणसं जमवा, हात काय जमवताय!" माणसं पातेल्यावर मिळत नाहीत, हे त्यांनी त्याला कधी सांगितलं नाही.

लोणीच्या भिमाजीकडचा फोटो मात्र सगळ्यांत जुना. भिमाजीचा बाप तान्हा असताना जत्रेत आलेल्या फोटोवाल्यानं काढलेला. त्या काळी फोटो निघायला वेळ लागे, पोर हललं की सगळं पुसट. म्हणून आई मागं चादर पांघरून पडदा होऊन बसली आणि तिनं पोराला कमरेशी धरून ठेवलं. पुढं ती तापानं गेली. जगात तिचं उरलं ते एवढंच, चादरीबाहेर आलेली चार बोटं आणि एक काकण.

धरमचंदांनी त्यासाठी घंगाळ देऊ केलं, समई देऊ केली. भिमाजी नुसता हसायचा. "बघू की शेठ, पुढल्या येळंला." मग दुकानाच्या सुट्टीला एस.टी. धरून लोणी गाठायची, फोटो बघायचा, चहा प्यायचा, हुज्जत घालायची, संध्याकाळच्या गाडीनं परतायचं. भिमाजीचा नातू आदेश एकदा मोबाईलवर फोटो काढून देत होता, तेव्हा धरमचंदांनी नाक मुरडलं होतं. त्यांना तो पिवळा पडलेला कागदच हवा होता.

"आणि जुना कागद?" त्यांनी विचारलं.

"आज्याच्या राखेसंगं नदीत सोडला. वाळवी लागलेली त्याला. आज्या म्हनलेला, मी गेलो की फोटो शेठला देऊन टाक. म्हनलं, तुमाला द्यायचा तर फाटका कसा द्यायचा?"

धरमचंदांच्या तोंडाशी शिवी आली होती. पण पोरगं शाबासकीची वाट बघत समोर उभं होतं. त्यांनी शिवी गिळली.

"छान केलंस," ते म्हणाले.

आतल्या दारात साळुबाई बसल्या होत्या, भिमाजीची बायको. मोतीबिंदूनं त्यांना आता उजेड तेवढा कळायचा. त्या म्हणाल्या, "मी किती येळा म्हनलं, देऊन टाका त्यास्नी. तर म्हनायचे, येडी का काय तू? दिला की शेठ कशाला येतोय आपल्याकडं?"

इतकी वर्षं आपण फोटोसाठी येतो असंच धरमचंदांना वाटत होतं. भिमाजी गेला त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं नव्हतं. ते आता आलं, आणि त्यांनी ते खुशाल येऊ दिलं.

"पिशवीत घालून देऊ?" आदेशनं चाचरत विचारलं.

"नको. इथंच राहू दे." धरमचंद उठले. पूर्वीच्याच खिळ्याला त्यांनी फ्रेम अडकवली, सरळ केली. "मी येत जाईन बघायला."

साळुबाई उठल्या. भिंत चाचपत फोटोपाशी आल्या. बोटांनी फ्रेमची कड शोधली, काचेवरून हात खाली आणला आणि बरोबर पोराच्या कमरेशी थांबवला.

"हितंच व्हता न्हवं त्यो?"

धरमचंदांनी मान हलवली. मग ती साळुबाईंना दिसायची नाही हे लक्षात आलं.

"हां वहिनी," ते म्हणाले. "तिथंच."