कोठीतले ऊन

मित्रांनो, वरवट बकालच्या पुंजाजींच्या घरात एक अंधारी कोठी आहे. तिथे तुरीच्या पोत्यांखाली एक पेटी दबून पडली आहे. ती पेटी म्हणजे मी, एक जुनी सूर्यचूल. माझे पोट आतून काळे, वर दुहेरी काच आणि झाकणाला आरसा. उन्हात ठेवले की मी न पेटता अन्न शिजवते. उन्हाशिवाय मात्र मी नुसते खोके आहे.

माझा जन्म झाला तेव्हा रॉकेलसाठी माणसे डबे घेऊन ताटकळत. सातपुड्याचे डोंगर बोडके होत चालले होते आणि उन्हाळा वाढला म्हणून जो तो कुरकुरत होता. त्या उन्हाला कामाला लावावे, असे शहाण्या माणसांना वाटले आणि आम्ही घडलो. नांदुऱ्याच्या प्रदर्शनात पुंजाजींनी मला पाहिले. त्यांची बायको चांगुणा पऱ्हाट्यांवर स्वयंपाक करायची. कापसाच्या त्या वाळक्या काड्यांचा धूर फार वाईट. तिचे डोळे कायम लाल असत. "धूर टाळला नाही तर डोळे जातील," असे डॉक्टरांनी बजावले होते. पुंजाजींनी मला गोधडीत गुंडाळून एस.टी.ने घरी आणले. मी कोणाचे तरी डोळे वाचवायला चालले आहे, या विचाराने मी हरखून गेले होते.

पहिल्या दिवशी चांगुणाने मला अंगणात मांडले आणि माझ्या पोटात खिचडी ठेवली. मग ती उंबऱ्यावर बसली. फुंकणी नाही, काड्या मोडणे नाही. हातांचे काय करावे तेच तिला कळेना.

पण गावाची नजर घरांच्या छपरांवर असते. ज्या घरात मयत होते त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणून घालतात. पुंजाजींच्या म्हाताऱ्या आई, सत्यभामाबाई, त्या दिवसांत तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. दुपार झाली तरी छपरातून धूर निघेना, तेव्हा लोकांनी काय समजायचे ते समजून घेतले. शेजारच्या अंबूबाई टोपल्यात भाकरी घेऊन, तोंडाला पदर लावून आल्या. मागोमाग आणखी चार बाया.

"कवा गेली वो बुढी?" अंबूबाईंनी हळूच विचारले.

बुढी आवाज ऐकून कशीबशी उठून दारात आली होती. तिने टोपलं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मले जितेपणीच पिठलं-भाकर आणलं काय?" सत्यभामाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बोट करून लेकाला म्हणाल्या, "पुंजा, मी हाये तोवर ह्या पेटीले ऊन दाखवू नोको."

खिचडी छान मऊ शिजली होती. पण ती खायला कोणाचा हात उचलेना. संध्याकाळच्या आत मी कोठीत गेले.

वर्षे गेली. चांगुणा तूर काढायला कोठीत येई, तेव्हा माझी काच पदराने पुसून जाई. दाराच्या फटीतून उन्हाची एक तिरीप येई, पण ती माझ्यापर्यंत पोचत नसे.

एका उन्हाळ्यात सत्यभामाबाई खरोखरच गेल्या. घरात माणसे मावेनात आणि चूल पेटवायची नाही. तेव्हा अंबूबाईंनाच सुचले. "हिले पेटवा लागते कुठी? काढा ते पेटी भाईर." मला बाहेर काढले. किती दिवसांनी ऊन अंगावर पडले! वरण-भात झाला, लोक जेवले, सगळ्यांनी माझी वाखाणणी केली. आता माझे दिवस पालटले, असे मला वाटले.

पालटले, पण भलतेच. गावात कोणी गेले की लोक मला न्यायला येऊ लागले. माझे नावच 'मयताची चूल' पडले. एकदा चांगुणाने धीर करून मला साध्या दिवशी अंगणात ओढले. पुंजाजी धावत आले. "लोकं काय म्हणतीन? ने अंदर." मला आणणारेच ते. पण गावापुढे त्यांचे काही चालेना.

मित्रांनो, माझी कुचंबणा तुम्हाला कशी सांगू? गावात रडण्याचा आवाज उठला की मला आधी उन्हाची आठवण होते. मग स्वतःचीच शरम वाटते. घरे सुखात असली की मी अंधारात, आणि चांगुणा धुरात.

आता ती माझी काच चाचपून पुसते. तिला डाग दिसत नाहीत. परवा पुसता पुसता ती मला म्हणाली, "मी गेली का तुले भाईर काढतीन. तवा मले धूर नाई अन् तुले अंधार नाई."

मित्रांनो, मला ते ऊन नको. तुमच्यापैकी कोणी वरवट बकालला गेलात तर पुंजाजींची कोठी उघडा आणि एखाद्या साध्या दिवशी, घरात सगळे धडधाकट असताना, मला अंगणात ठेवा. चांगुणाला शेजारी बसवा. तिला दिसले नाही तरी चालेल. शिजल्याचा वास तिला येईल.