फायरवॉलची अकरा भोकं

लिफ्टवाल्यांच्या विमानात बसायच्या जागा दोन होत्या आणि बसायला तयार असलेला माणूस एकच. चाळीस वर्षं लिफ्टा दुरुस्त करून निवृत्त झालेले हे गृहस्थ गेली आठ वर्षं गॅरेजमध्ये विमान बांधत होते, ते काही एकट्याने ढग मोजायला नव्हे. शेजारी त्यांना बायको हवी होती. बायकोचं उत्तर मात्र आठ वर्षांत तसूभर हललं नव्हतं: "तुम्ही खुशाल उडा. मी खालून हात करीन."

बाई शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं सहायक होत्या. पोरांनी एकमेकांच्या वेण्या पेटवू नयेत म्हणून बर्नरवर डोळा ठेवण्यात त्यांची हयात गेली. त्यामुळे विमान पुरं होत आलंय म्हणून नवऱ्याने कौतुकाने बोलावल्यावर त्यांनी पंखांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी थेट नाक गाठलं.

"हा पत्रा कशाला?"

"ही फायरवॉल. पलीकडे इंजिन, अलीकडे आपण. इंजिनाने पेट घेतलाच, तर आग पंधरा मिनिटं पलीकडेच राहिली पाहिजे. तेवढ्यात खाली उतरायचं."

"आणि ही भोकं?"

"वायरी, केबली, पेट्रोलची नळी. अकरा आहेत, अकराही बुजवलीत." लिफ्टवाल्यांनी लाल सीलंटच्या गुळगुळीत कडेवरून बोट फिरवलं. "तुझ्याच भावाच्या दुकानातलं आहे. फायरप्रूफ! ट्यूबवर लिहिलंय."

"माझा भाऊ ट्यूबा वाचतो कधी? तो रंग बघून विकतो."

दुसऱ्याच दिवशी बाईंनी उरलेल्या पत्र्याचे सहा तुकडे मागितले. प्रत्येकाला एक भोक, भोकातून एक वायर. दोन तुकडे लाल सीलंटने बुजवले, दोन भट्टीला लावतात त्या राखाडी सिमेंटने आणि दोन एका तपकिरी लगद्याने. तो लगदा लिफ्टवाल्यांनी विमानाचं सामान विकणाऱ्याकडून मागवला होता आणि दिसायला ओंगळ म्हणून माळ्यावर टाकला होता. चार दिवस सगळं सुकू दिलं.

मग भर दुपारी अंगणात परीक्षा बसली. गॅसच्या ज्योतीचा टॉर्च लिफ्टवाल्यांच्या हातात, घड्याळ बाईंच्या. पत्र्यामागे वीतभर अंतरावर कापसाचा बोळा.

लाल सीलंट दुसऱ्या मिनिटाला धुरावलं आणि तिसऱ्याला ज्योत अलीकडे डोकावली. कापूस भुर्रकन पेटला.

"नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा," बाई वहीत लिहीत म्हणाल्या.

लिफ्टवाल्यांनी चष्मा लावून ट्यूबची मागची बाजू वाचली. मुंगीच्या अक्षरात लिहिलं होतं: तीनशे अंशांपर्यंत. टॉर्चची ज्योत हजारावर होती. त्यांचा चेहरा पडला. ही ट्यूब वाचायला आपल्याला आठ वर्षांत वेळ मिळू नये, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

राखाडी सिमेंटने पंधरा मिनिटं आगीला दाद दिली नाही. "झालं! हेच लावायचं!" लिफ्टवाले उड्या मारायचेच बाकी होते.

"थांबा. तुमचं इंजिन काय मुकाट बसून राहणार आहे?"

बाईंनी राखाडी आणि तपकिरी असे न भाजलेले दोन तुकडे कपडे धुवायच्या यंत्राला घट्ट बांधले आणि घरातल्या सगळ्या चादरी धुवायला काढल्या. यंत्र जुनं, पिळताना जागचं सरकणारं. दुसऱ्या धुण्याला राखाडी सिमेंटला नख जाईल एवढी भेग पडली. तपकिरी लगद्याचा कपचाही उडाला नाही. तोच तुकडा त्यांनी टॉर्चपुढे धरायला लावला. आग लागताच लगदा फुगला आणि भोकात आणखीच घट्ट बसला. पंधरा मिनिटं झाली, वर बाईंनी पाच जास्तीची घेतली, तरी कापूस पांढराच होता.

लाल सीलंट खरवडून काढण्यात दोन दिवस गेले. लिफ्टवाल्यांची बोटं सोलवटली, पण आपण केलेलं आपणच निस्तरायचं, त्यात तक्रार कसली! तिसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्या भोकात लगदा भरला आणि सवयीने कड गुळगुळीत करायला बोट पुढे केलं. बाईंनी हातावर चापट मारली.

"पुसून पातळ करताय! द्या इकडे."

अकराही भोकं त्यांनी स्वतः भरली, जाड आणि ओबडधोबड. आपल्या देखण्या पत्र्यावर कुंभारमाशीने घरं केल्यासारखं लिफ्टवाल्यांना वाटलं, पण ते लगदा पुढे करत राहिले.

बाई चिंधीला हात पुसू लागल्या. लिफ्टवाल्यांनी धीर एकवटला. 'नाही' ऐकायची सवय होती, तरी त्यांनी पुन्हा विचारलं.

"आता तरी बसशील?"

"आता बसावंच लागणार," बाई फणकारल्या. "तुमच्या कामावर तुम्ही एकटे उडालात, तर ती तुमची हौस. पण ही भोकं मी बुजवलीत. माझ्या कामाच्या भरवशावर तुम्हाला एकट्याला वर धाडायचं आणि मी खाली उभं राहायचं? मला नाही बाई जमायचं."

लिफ्टवाल्यांचे डोळे भरून आले आणि वर हसूही येत होतं. तोवर बाई दार उघडून आत बसल्या होत्या.

"अहो, नुसते बघताय काय? हा पट्टा कसा लावायचा ते दाखवा."