सोबतीचा शिक्का

या निवडणुकीत दोनच पक्ष होते आणि दोन्ही आमच्याच जिवावर उठलेले. त्यांची खरी नावं लांबलचक आहेत. आमच्या गल्लीत एकाला कारखानावाले म्हणायचे, दुसऱ्याला दवाखानावाले.

दवाखानावाल्यांचं म्हणणं, सरकारी दवाखान्यातले उपचार फुकटच राहतील, खर्च कारखान्यांच्या धुरावर कर लावून काढू. कारखानावाल्यांचं म्हणणं, असला कर येऊ देणार नाही, कामं टिकवू, आणि दवाखान्यातले महागडे विभाग खासगी लोकांना चालवायला देऊ. ऐकायला दोन्ही गोड, पण ज्याचं जळतं त्याला कळतं. मी बाटल्यांच्या कारखान्यात कामाला आहे आणि माझे हे त्या महागड्या विभागात आठवड्यातून तीनदा जातात.

साखरेच्या आजाराने ह्यांचे आधी डोळे नेले, मग दोन्ही किडन्या. आता मशीन रक्त धुऊन देतं म्हणून माणूस घरी परत येतो. पैसे मोजून हे करायची आमची ऐपत नाही, एका खेपेचीही नाही. आणि माझं काम गेलं तर खायचं काय, हेही कुणी सांगत नाही. मुलगी अजून शाळेत आहे.

मालकाने फाटकावर पाटी लावली होती की धुराचा कर आला तर भट्टी विझवणार. काचेची भट्टी विझली की आतली काच थिजून बसते, मग पुन्हा पेटवणं म्हणजे नवी बांधणंच. आम्ही बायका पाटी वाचून आत गेलो. माझं काम बाटल्या तपासायचं. पांढऱ्या दिव्यासमोरून पट्ट्यावर बाटल्या सरकत येतात. बुडबुडा, चीर, वाकडी मान दिसली की उचलून बाजूला टाकायची. त्या दिवशी मी किती वाकड्या माना पुढे जाऊ दिल्या देव जाणे. मुकादमानेही त्या अडवल्या नाहीत. त्याचंही चित्त थाऱ्यावर नसावं.

ह्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे भाऊजी, त्याच भट्टीवर आहेत. रोज संध्याकाळी यायचे, पलंगाच्या कडेला बसायचे, चहा घ्यायचे आणि सुस्कारा टाकून म्हणायचे, "तुझं वाईट वाटतं रे. पण मागे राहणाऱ्यांचाही विचार करायला हवा."

सख्खा भाऊ बरं का. मागे राहणाऱ्यांत स्वतःलाही धरून चालला होता. मला त्यांच्या हातातला कप काढून घ्यावासा वाटायचा, पण मी बिस्किटं पुढे करायची.

एके संध्याकाळी हे उठून बसले आणि म्हणाले, "दादा, माझा शिक्का कारखान्याला. माझं आता काय राहिलंय? पोरीचं शिक्षण झालं पाहिजे."

पोरगी दारातच उभी होती. भाऊजींनी डोळे पुसले.

"असलं काही बोलू नका," मी म्हटलं.

"खरं तेच बोलतोय. आणि तूही तिथेच मार. अर्धवट काम नको."

भाऊजी गेल्यावर मी भांडले. ह्यांनी तोंड भिंतीकडे केलं. भांडून तरी काय होणार होतं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी मी मनाला बजावलं की त्यांच्या जिवाचं त्यांनी ठरवलंय, आपण कोण मध्ये पडणार. खरं सांगते, मला जरा हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याची मग रात्रभर किळस आली.

मतदान शाळेच्या एका वर्गात होतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासोबत घरचं एक माणूस पडद्याआड जाऊ शकतं, ते सांगतील तिथे शिक्का मारू शकतं. टेबलामागच्या बाई म्हणाल्या, "आधी तुमचं स्वतःचं उरका. मग ह्यांना घेऊन या." मी ह्यांना बाकावर बसवलं. बाक लहान मुलांचं, ह्यांचे गुडघे छातीशी आले.

पडद्याआड मी एकटी होते. दोन चौकोन, दोन चिन्हं. हात दवाखान्याच्या चौकोनावर गेला होता, खोटं नाही सांगत. मग डोळ्यांपुढे पोरगी आली, त्या संध्याकाळी दारात उभी असलेली. ह्यांनीच तर सांगितलंय, असं म्हणत मी शिक्का कारखान्यावर मारला. शाईवर फुंकर घातली, घडी केली आणि पेटीत टाकली.

मग ह्यांना घेऊन पुन्हा आत गेले. बाईंनी माझी सही घेतली. "ते सांगतील तेच. आणि बाहेर कुणापाशी बोलायचं नाही."

पडद्याआड मी शिक्का उचलला आणि कारखान्याच्या चौकोनाकडे नेला. ह्यांनी चाचपडत माझं मनगट धरलं. मशीनसाठी फुगवलेली त्यांच्या हातातली शीर माझ्या हाताला लागली. ती थडथडत होती.

"दवाखाना," ते कानाशी म्हणाले.

"काय?"

"दवाखान्याला मार. मला जगायचंय गं."

"मग घरी का..." मी म्हटलं.

"घरी दादा होता. पोरगी ऐकत होती. तिच्यासमोर कसं म्हणू, की तुझी शाळा राहू दे पण मला जगू दे? मला वाटलं, तुला तरी कळलं असेल."

मी दवाखान्यावर शिक्का मारला. इतका जोराने की खालचं टेबल हललं. बाहेरून बाई म्हणाल्या, "आवरा, लोक थांबलेत." मी घडी ह्यांच्या हातात दिली आणि त्यांचा हात धरून पेटीच्या फटीपर्यंत नेला. चिठ्ठी त्यांनी स्वतःच आत सोडली. माझीही त्याच पेटीत होती आणि ती कुणीही मला परत देणार नव्हतं.

रस्त्यावर आल्यावर ह्यांनी विचारलं, "तुझा शिक्का कुठे?"

बाई म्हणाल्याच होत्या, बाहेर बोलायचं नाही. पण ह्यांना काय सांगायचं? रडायचीही सोय नव्हती. दिसत नसलं तरी माझा श्वास ह्यांना ओळखता येतो.

"तुमच्याच बाजूला," मी म्हटलं.

ह्यांनी मान वर केली. कितीतरी दिवसांनी चेहऱ्यावर हसू आलं.

"भांडत होतीस तेव्हाच मी ओळखलं होतं," ते म्हणाले. "म्हणजे आपली दोन झाली."