डुकरांच्या खटल्यातली टेकडी

वर्लीन स्टॅम्परबाईंच्या काऊंटीचं कोर्ट दोनदा जळलं होतं. पहिल्यांदा अमेरिकेच्या यादवी युद्धात सैनिकांनी जाळलं. दुसऱ्यांदा कारकुनाच्या शेगडीनं, कुणाशी वैर नसताना. त्यानंतर लोकांना घरातली खरेदीखतं आणून पुन्हा नोंदवायला सांगितलं. वर्लीनबाईंचे पणजोबा एल्काना गेले नाहीत. म्हणाले, "टेकडी माझी आहे हे कुणाला ठाऊक नाही?" पुढे घरातलं खतही हरवलं.

आता एका लाकूड कंपनीला ठाऊक नव्हतं. टेकडीवरची ओकची झाडं आमचीच, असं तिनं कळवलं होतं.

"आगीआधीचं काही मागू नका," नोंदणी कचेरीतला लॉनी म्हणाला. "सगळं धुरात गेलं. पण इथं हरलेला माणूस वरच्या कोर्टात गेला असेल, तर त्या खटल्याच्या नकला राज्याच्या राजधानीत असतील. तुमच्या घराण्यात कुणी भांडखोर होतं?"

"नव्हतं कोण, ते विचार."

बाई राजधानीला गेल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांना पणजोबा सापडले. शेजारच्या हार्गिसनं शपथेवर सांगितलं होतं: मी एल्कानाला ओढ्यापासून कड्यापर्यंतची टेकडी रीतसर खरेदीखतानं विकली, आणि त्याच टेकडीवर त्यानं माझी सात डुकरं लपवली. पणजोबा दोन्ही कोर्टांत दोषी ठरले होते.

धाकटा भाऊ बर्ल ऐकून पांढराफटक पडला. "ताई, चर्चच्या रंगीत खिडकीवर पुण्यपुरुष म्हणून त्यांचं नाव आहे! हे चारचौघांत वाचणार तू?"

"ते चोर ठरले त्याच कागदात टेकडी त्यांची ठरते. दुसरा पुरावा उरलेला नाही."

सुनावणीत कंपनीच्या वकिलानं विचारलं, "म्हणजे आपले पणजोबा डुक्करचोर होते?"

"माझं मत कुणी विचारलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "कोर्टाचं तसं मत पडलं."

न्यायाधीशांनी टेकडी स्टॅम्परांची ठरवली. बर्ल पंधरा दिवस ताईकडे फिरकला नाही. मग एका सकाळी काठी घेऊन दारात आला. "चल. तुझे हे गुडघे! एकटीला टेकडी झेपायची नाही."

दोघं दमत दमत वर चढली. झाडाखाली बसल्यावर बाईंना जाणवलं, की लहानपणापासून ऐकलेल्या त्या साधुपुरुषाबद्दल त्यांना कधी माया वाटली नव्हती. आज वाटत होती.

"बर्ल, इथं सात डुकरं गप्प कशी ठेवली असतील रे त्यांनी?"

बर्लनं बराच विचार केला. "मका घालून," तो म्हणाला.