दीदोचं लाल बटण

लोर्ना तळघराच्या तिसऱ्या पायरीवर पोचली न पोचली, तोच तिच्या कमरेचं यंत्र असं किंचाळलं की झेनियाच्या हातातला कपच सुटला!

"बाहेर! सगळे बाहेर! विषारी वायू आहे घरात! बाळ कुठाय?"

झेनियाला कळेचना. घर तापवणारी गॅसची भट्टी सारखी बंद पडते म्हणून तर या लोर्नाला दुरुस्तीला बोलावलं होतं. कॅनडातल्या यॉर्कटनमधला जानेवारी, भर दुपारी उणे अडतीस, नवरा खाणीवर, म्हणून ती चार महिन्यांच्या ओस्तापला घेऊन आपल्या आजोबांकडे राहायला आलेली. आणि ही बाई त्याच थंडीत बाहेर व्हा म्हणते?

"झोपलंय ना ते," आजोबा म्हणाले. सगळं गाव त्यांना दीदोच म्हणतं, युक्रेनी भाषेत आजोबा. "आज काय शहाणं झालंय! सकाळपासून हूं नाही की चूं नाही."

हे ऐकलं मात्र, झेनिया धावलीच! ओस्तापला उचललं तर मान लुळी. तशीच नुसत्या मोज्यांनी बर्फात आली. वारा असा की डोळ्यांतलं पाणी गोठावं, आणि पोर रडायला तयार नाही.

"ओस्ताप! ए राजा! रड ना रे! रड!"

लोर्नाने दोघांना गाडीत कोंबलं, मागून दीदोला ढकललं. आणि तेव्हा कुठे बाळ शिंकलं. मग बारीक, मांजरीसारखं रडलं.

हॉस्पिटलमध्ये त्या एवढ्याशा तोंडाला प्राणवायूचा एवढासा मुखवटा लावला. डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं. "रिपोर्ट येऊ दे, तोवर मी काहीच सांगणार नाही," म्हणाल्या न् गेल्या. झेनियाने बाळाचं पाऊल मुठीत धरलं ते सोडलंच नाही. शेजारच्या खाटेवर दीदो, तोंडाला मुखवटा, डोक्यावर टोपी तिरकी.

दीड तासाने लोर्ना आली. नाकाला काजळी, हातात प्लॅस्टिकची पिशवी. तिने त्यातून बोटभर तार काढली.

"हे कुणाचं काम?"

"माझं," दीदोने मुखवटा वर सरकवला. "रोज सकाळी भट्टी बंद. आत एक लाल बटण आहे, ते दाबलं की परत चालू. चार दिवस दाबलं. गुडघे राहिले का माझे? आज त्या बटणाची दोन्ही टोकं तारेने जोडून टाकली. तुझ्या जन्माआधीपासून ट्रॅक्टर जोडतोय मी, पोरी."

"ट्रॅक्टरच जोडा, दीदो. भट्टीला हात लावू नका." लोर्नाने तार त्याच्यापुढे धरली. "अहो, ज्वाला आतल्या नळीत जायला हवी. ती उलटी तोंडातून बाहेर आली, की तिथला स्विच, तुमचं ते लाल बटण, तापतो न् गॅस तोडतो. आणि मग तो आपोआप चालू होत नाही. का? तर माणसाने खाली यावं, बघावं, ज्वाला बाहेर आलीच कशी ते शोधावं. चार दिवस तो तुम्हाला हाका मारत होता. तुम्ही त्याचं तोंडच शिवलंत! पुढचा पत्रा जळून काळा पडलाय."

"तारेने?" झेनिया उठली. "दीदो, वर माझं लेकरू झोपलेलं, आणि तू तारेने..."

म्हाताऱ्याने मुखवटा परत तोंडावर ओढला.

"पण ज्वाला बाहेर का आली?" लोर्ना म्हणाली. "हवाच मिळत नव्हती तिला. तळघरात तो जाड पाइप लोंबतो ना, भट्टीसाठी बाहेरची हवा आणणारा? त्यात हे कोंबलेलं होतं."

आणि तिने पिशवीतून एक पिवळी दुलई काढली. बदकांची.

झेनियाने ती लगेच ओळखली. सोमवार. तळघरात ओस्तापला अंघोळ घालताना वरच्या पाइपातून बर्फासारखा झोत आला, थेट त्याच्या ओल्या पाठीवर. 'घर तापवायचं न् भोकातून थंडी आत घ्यायची, कसला वेडेपणा!' म्हणत तिने हाताला लागलं ते कोंबलं. आणि साफ विसरली. भट्टी पहिल्यांदा बंद पडली मंगळवारी!

"हे कुणी केलं?" लोर्नाने विचारलं.

"मीच," दीदो ताडकन म्हणाला. "थंडी यायची. म्हातारं माणूस, अक्कल गेली गवत खायला." आणि खाटेवरूनच झेनियाला पायाने ढोसत पुटपुटला, "गप बस. माझ्यावर खपतं."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. कागद हलवत. "वेळेत आणलंत. रक्त सुधारतंय. रात्रभर ठेवून घेऊ, पण पोरगं बरं होतंय."

झेनियाला रडू फुटलं ते थांबेना. ओस्तापचं पाऊल हातात तसंच. आणि रडता रडताच म्हणाली, "लोर्ना, ती दुलई ओस्तापची आहे. दीदो खोटं बोलतोय. मी कोंबली. मीच."

लोर्नाने दुलई न् तार परत पिशवीत टाकली.

"म्हणजे तो एवढासा स्विच," ती म्हणाली, "तुमच्या दोघांशी एकटा लढत होता."

"आणि जिंकत होता की," दीदो म्हणाला, "मी तार लावेपर्यंत."

कुणीच हसलं नाही. दीदोसुद्धा.